गुलाब अजून फुललेला नाही, असं मी सांगितलंय

तीर्थस्वरूप अक्का,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कमरेतून कट् असा आवाज येतो, तो नमस्कारातच धरावा.) तुमचा रक्तदाब कसा आहे? कानाचं यंत्र वापरायला सुरुवात केलीत, की अजून ते डब्यातच आहे? जिन्याचा तो हलणारा गज सुताराला दाखवलात का? इकडे मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, फिरायला जातो, दुपारी आडवा होतो आणि पाच मिनिटांत दचकून उठतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हिला तुम्ही स्वतःच्या घरी ठेवून घेतलंत, स्वतःची खोली दिलीत आणि स्वतः दिवाणावर झोपता आहात, हे उपकार फिटण्यातले नाहीत. पुढे मी जे मागणार आहे त्याने त्यांत भरच पडणार आहे, म्हणून ते आधीच मान्य करून टाकतो.

फोन सोडून पत्र का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारण तुम्ही फोन उचलता तोच मुळी मोठ्या आवाजावर टाकून. मागच्या आठवड्यात मी तुमच्याशी खासगीत बोलायचं म्हणून हळू आवाजात सुरुवात केली, तर तुम्ही ‘काय? हिच्यापासून काय लपवायचंय?’ असं इतक्या जोरात विचारलंत की आतल्या खोलीतून हिने ‘काय झालं हो?’ म्हटलेलं मला इथे ऐकू आलं. मग मला ‘अक्कांच्या वाढदिवसाचं गुपित आहे’ असं सांगावं लागलं. तुमचा वाढदिवस सात महिन्यांवर आहे. तेव्हा आता पत्र. पाकिटावर ‘पाण्याच्या मीटरबाबत’ असं मुद्दाम लिहिलं आहे, कारण मीटर या विषयाला ही आयुष्यात कधी हात लावणार नाही.

विषय गुलाबाचा आहे. तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा पुढच्या अंगणातल्या भिंतीवरचा तो काटेरी पसारा पाहून ‘हे काय वाढवून ठेवलंय?’ असं विचारलं होतंत आणि हिने विषय बदलला होता. तोच हा. सहा वर्षांपूर्वी ही मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली त्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली, घड्याळ दिलं, शाल दिली. हिने ते सगळं माझ्या हातात दिलं आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर चढलेल्या पांढऱ्या वेलीगुलाबाची एक फांदी कापून ओल्या रुमालात गुंडाळून घेतली. घरी आल्यावर साडी न बदलता आधी खड्डा खणला. तेहतीस वर्षं त्या गुलाबाखालून ही शाळेत जात-येत होती, उन्हाळ्याच्या तोंडाशी तो असा फुलायचा म्हणे की परीक्षेला बसलेली पोरं पेपर सोडून खिडकीबाहेर बघत बसायची आणि तेवढ्यापुरतं ही त्यांना रागवायची नाही.

आमच्याकडे मात्र तो फुलला नाही. पहिलं वर्ष लहान म्हणून सोडलं. दुसऱ्या वर्षी खत बदललं. तिसऱ्या वर्षी माती बदलली. चौथ्या वर्षी हिने त्याच्यापुढे खुर्ची टाकून त्याला अर्धा तास समजावून सांगितलं (मी खिडकीतून पाहिलं आहे, पण तसं कबूल करत नाही). त्याने पानं दिली, काटे दिले, माझे दोन सदरे फाडले, पण कळी म्हणून दिली नाही. बागेतल्या बाकी सगळ्या झाडांची हजेरी हिच्या वहीत असते, शाळेसारखीच, क्रमांक, दिनांक आणि शेरा. जास्वंद ‘चांगली’, जाई ‘बडबडी पण हुशार’, कोपऱ्यातलं लिंबू ‘अजून मन लागत नाही’. गुलाबाचा क्रमांक पहिला आणि त्याच्यापुढे सहा वर्षं एकच शेरा: ‘सूचना देऊनही सुधारणा नाही.’ ऑपरेशनला निघताना वही माझ्या हातात देऊन ही म्हणाली, ‘याला हे शेवटचं वर्ष. यंदाही नाही फुलला तर काढून टाकायचा.’ हिचं शेवटचं म्हणजे शेवटचंच असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही हिच्या थोरल्या, आणि लहानपणी हिने तुमच्याशी अबोला धरला होता तो म्हणे पूर्ण एक हिवाळा टिकला.

अक्का, ऑपरेशननंतर हिला तुमच्याकडे सोडून मी परतलो आणि आठव्या दिवशी मी झारी घेऊन उभा असताना मला पहिली कळी दिसली. मी चष्मा पुसला. मग अकरा दिसल्या. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी मी शिडी लावून, प्रत्येक फांदीला दोऱ्याची खूण करून मोजल्या तेव्हा एकशे सदतीस भरल्या आणि मला शिडीवरच दरदरून घाम फुटला. कोणाही शहाण्या माणसाला आनंद झाला असता. मला आधी डॉक्टर आठवले. मी परत निघालो तेव्हा हाडांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, सहा आठवडे बसप्रवास नाही म्हणजे नाही, एक धक्का बसला तर सगळं पुन्हा. आणि मला तुमची बहीण माहीत आहे. एकशेदोन ताप असताना, परीक्षेला पर्यवेक्षक कमी पडतील म्हणून ही रिक्षा करून शाळेत गेली होती. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो गुलाब फुलतोय असं कळलं असतं तर वॉकरसकट ही पहिल्या बसमध्ये चढली असती आणि तुम्ही, मी आणि डॉक्टर मागून पळत राहिलो असतो.

म्हणून त्या संध्याकाळी हिने फोनवर विचारलं, ‘काही दिसतंय का?’ आणि मी म्हणालो, ‘नाही गं. नुसती पानं.’

बास. एवढंच. खोटं बोलायचं ते एक वाक्य, आणि तेही हिच्या गुडघ्यासाठी. (आम्हा दोघांकडेही बटणांचे जुने फोन आहेत, त्यामुळे ‘फोटो पाठवा’ ही भानगड नव्हती, याचा मला त्या वेळी फार आनंद झाला होता.) माझा हिशोब असा होता की कळ्या काही दिवस धरून ठेवायच्या, सहा आठवडे संपवायचे, हिला सावकाश आणायचं, दारात उभं करायचं आणि मग त्यांनी फुलायचं. तुम्ही हसाल. पण मी चौतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं केली आहेत. माझ्या हाताखालून रोज दोनशे दहा गाड्या सुटायच्या. कुठली गाडी दहा मिनिटं मागे ठेवायची म्हणजे दुसरीचे उतारू तिला गाठतील, यातच माझी उमर गेली. एका गुलाबाला पंधरा दिवस उशीर करायचा, यात अवघड ते काय, असं मला खरंच वाटलं.

पहिला उपाय सावलीचा. ऊन लागलं नाही तर फूल सावकाश उमलतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. कपाटातल्या चार पांढऱ्या चादरी काढल्या (हो, त्या कडेला निळी वेल असलेल्याही, तो विषय वेगळा काढू नये) आणि बांबू रोवून भिंतीपुढे ताणून बांधल्या. शेजारचे दातांचे डॉक्टर, जे निवृत्त झाल्यापासून आमच्या कुंपणावर कोपर टेकूनच दिवस काढतात, त्यांनी विचारलं, ‘रंगकाम काढलंय का?’ मी हो म्हणालो. एकदा खोटं बोलायला लागलं की तोंडाला वळण पडतं. दुसरा उपाय बर्फाचा. मुळं गार राहिली तर झाडाला अजून थंडीच आहे असं वाटेल, या विचाराने रोज सकाळी दोन पिशव्या बर्फ आणून बुंध्याशी पसरत होतो. बर्फवाल्याला वाटलं घरात कोणी गेलं. त्याने टोपी काढली आणि मला खांद्यावर थोपटलं.

परिणाम काय झाला सांगतो. चादरींमुळे दुपारचं कडक ऊन टळलं आणि बर्फ हळूहळू वितळल्यामुळे पाणी थेंबाथेंबाने खोल मुरलं. एखाद्या झाडाचे इतके लाड कोणी आयुष्यात केले नसतील. सहाव्या दिवशी सकाळी वारा सुटला, एक चादर सुटून दातांच्या डॉक्टरांच्या डोक्यावर जाऊन पडली आणि मागे भिंत दिसली. सगळी पांढरी. खालपासून वरपर्यंत, आणि वरून पलीकडे रस्त्यावर लोंबत. डॉक्टर चादरीतून बाहेर आले, बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘रंगकाम छान झालंय.’

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बाकीच्या चादरी काढल्या, स्वयंपाकघरातून चहा आणला आणि भिंतीसमोर स्टुलावर बसलो. अक्का, खरं सांगू? मला फार आनंद झाला. त्याचा वास मोठा नाही, जवळ गेल्यावरच येतो, नुकत्या धुतलेल्या कपड्यासारखा. पाकळ्या कडेला किंचित गुलाबी आहेत, ते हिने मला सहा वर्षांत कितीदा सांगितलं होतं आणि मी ऐकल्यासारखं केलं होतं. मधमाश्या आल्या होत्या. जाईलाही त्याच दिवशी बहर आला, लिंबाचं मन लागलं, कुंडीतल्या निळ्या फुलांनी तर कहर केला. मी दोन कप चहा प्यायलो आणि मग मला एकदम लाज वाटली. म्हणजे दुसऱ्याच्या पानातलं आपण खातोय आणि तो हात धुवायला गेलाय, तशी. मी उठून आत गेलो आणि दार लावून घेतलं. पण खिडकीतूनही दिसतोच तो.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. आमच्या गल्लीतून सात नंबरची बस जाते. तिचा ड्रायव्हर माझ्या वेळचा, मिशीवाला. त्याने पहिल्या दिवशी गाडी हळू केली, दुसऱ्या दिवशी थांबवली, तिसऱ्या दिवशी उतारू डाव्या बाजूच्या खिडक्यांत गोळा झाले आणि कंडक्टर खाली उतरून वास घेऊन गेला. डेपोतून हल्लीच्या साहेबांचा मला फोन, ‘सर, सात नंबर रोज तुमच्या घरापाशी तीन मिनिटं खातेय.’ ज्या माणसाने उभ्या नोकरीत एका मिनिटासाठी लोकांना मेमो दिले त्याला हे ऐकावं लागलं. मी माफी मागितली. पोस्टमन थांबतो, शाळेत जाणाऱ्या मुली थांबतात, अख्खं गाव पाहून जातंय. ज्या एका माणसाने पाहायला हवं ते तुमच्या आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून बसलंय आणि रोज संध्याकाळी साडेसहाला मला विचारतंय, ‘काही दिसतंय का?’ आणि मी खिडकीला पाठ करून म्हणतोय, ‘नाही गं.’

मंगळवारी हिने विचारलं नाही. आपणहून म्हणाली, ‘आता फुलायचे दिवस संपत आले. राहू दे. मी माळ्याला फोन केलाय, तो गुरुवारी येऊन काढून नेईल. मी परत यायच्या आत भिंत मोकळी झालेली बरी.’ मी म्हणालो, ‘अगं, पुढच्या वर्षी बघू.’ तर म्हणाली, ‘दरवर्षी नापास होणाऱ्याला वर चढवत राहिलं तर वर्गाला काय सांगायचं?’ आणि फोन ठेवला.

हा माळी तुम्हाला माहीत नसेल. चाळिशीचा आहे, शहरातल्या अर्ध्या बागा त्याच्याकडे आहेत, पण तो हिचा विद्यार्थी. सहावीत हिने त्याला एक वर्ष मागे ठेवलं होतं. तो अजून हिच्यासमोर आला की हात मागे बांधून उभा राहतो. आज, गुरुवारी, सकाळी तो करवत, कात्री आणि दोरखंड घेऊन आला, भिंतीसमोर उभा राहिला आणि त्याने करवत गवतावर ठेवली. मला वाटलं सुटलो.

‘काका, हा फुललाय,’ तो म्हणाला.

‘दिसतंय मला.’

‘बाई तर म्हणाल्या फुलला नाही म्हणून.’

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा घेतला आणि पुन्हा करवत उचलली. म्हणाला, ‘बाईंनी सांगितलंय काढ. बाईंचा फोन आला तरच थांबेन.’ मी त्याला हाताला धरून बसवलं. त्याला म्हटलं, अरे, तू माळी आहेस, फुललेला गुलाब कापवेल का तुला? तर त्याच्या डोळ्यात पाणीच आलं. ‘नाही कापवणार. पण बाईंना उद्या काय सांगू? तुमच्यासारखं खोटं बोलायला मला जमत नाही, काका. मी घाबरतो.’ मीही घाबरतो, हे मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला ते कळलं असावं.

शेवटी त्याने शनिवारी दुपारी चारपर्यंतची मुदत दिली आहे. चारच्या आत बाईंचा फोन यायला हवा, नाहीतर तो कापणार. आणि जाता जाता त्याने मला आणखी एका संकटात टाकलं. मी सहज विचारलं, सहा वर्षं का नाही फुलला रे हा? त्याने इकडेतिकडे पाहिलं, जसं काही ही कुंपणाआड उभी आहे, आणि हळूच म्हणाला, ‘या जातीला जुन्या फांदीवर फूल येतं. बाई दर हिवाळ्यात शिस्तीत कापायच्या ना, ती सगळी फुलंच कापली जायची. यंदा गुडघ्यामुळे कात्री लावली नाही, म्हणून आला.’ मी म्हटलं, हे तू हिला आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, ‘सांगितलं होतं एकदा. बाई म्हणाल्या, विज्ञानात किती मार्क होते तुला?’

तेव्हा अक्का, आता तुम्हीच तारणहार. माझी विनंती एवढीच. हिला काहीही कळू न देता, हिच्याकडून शनिवारी चारच्या आत माळ्याला ‘राहू दे’ असा एक फोन करवून घ्यावा. कारण काय सांगायचं ते मी योजून ठेवलं आहे. एक, तुमच्या स्वप्नात पांढरा गुलाब आला. (तुम्ही स्वप्नं सांगत नाही, त्यामुळे हिला खरं वाटेल.) दोन, झाड उपटलं तर जुनी भिंत पडेल असं तुमच्या ओळखीच्या गवंड्याचं मत आहे. तीन, तुम्ही नुसतं रडावं. तुम्ही रडलात तर ही काय वाटेल ते करील, तुम्हाला हिने उभ्या जन्मात रडताना पाहिलेलं नाही. यातला जो जमेल तो. पण खरी गोष्ट मात्र सांगू नये. खरी गोष्ट कळली तर ही एक तर उठून निघेल, नाहीतर निघता येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहील, आणि या दोन्हींतलं मला काहीच सोसणार नाही.

हिच्या औषधांच्या वेळा पाळता आहातच. व्यायाम चुकवू देऊ नये. थोरामोठ्यांना यथायोग्य आणि तुमच्या मांजराला लांबूनच.

तुमचा भेदरलेला,
मेहुणा

ता. क. हिने पाकीट पाहिलंच तर मीटर फार फिरतोय असं सांगावं. ते खरंही आहे, पाणी मी फार घातलं.

ता. क. दुसरा. शुक्रवार सकाळ. पत्र पेटीत टाकायला गेलो आणि पेटीच्या तोंडाशी हात थांबला. आज टाकलेलं पत्र तुमच्याकडे सोमवारी पोचतं. माळी शनिवारी चारला कापणार. चौतीस वर्षं वेळापत्रकं केलेल्या माणसाने सहा पानं लिहून काढली आणि गाडी कधी पोचते ते पाहिलं नाही! मी पत्र तसंच खिशात घालून परत आलो. दातांच्या डॉक्टरांनी कुंपणावरून विचारलं, चेहरा असा का? मी त्यांनाही सगळं सांगून टाकलं. आता गल्लीत हिच्यापासून लपवलेली गोष्ट माहीत नाही असं कोणीच उरलेलं नाही.

ता. क. तिसरा. शुक्रवार संध्याकाळ. साडेसहाचा फोन झाला. हिने गुलाबाचं नाव काढलं नाही, मीही नाही. जेवलात का, दार नीट लावता ना, असं चाललं होतं. मग मधेच म्हणाली, ‘शाळेच्या भिंतीवर कोणी पाणीसुद्धा घालत नव्हतं हो त्याला, तरी फुलायचा. आपल्याकडे आला आणि गप्प झाला. मला वाटतं, मी तिथून निघाले तेव्हा माझं जे काही होतं ते तिथेच राहिलं. माझ्या हाताला आता काही लागत नाही.’ असं साध्या आवाजात म्हणाली, कोणी भाजीचा भाव सांगावा तसं. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

अक्का, मी चुकलो. मला वाटत होतं की फुललेला गुलाब हुकला याचं हिला दुःख होईल, तेवढं मी वाचवतोय. आणि ही तिथे पडल्या पडल्या सहा वर्षांचा दोष स्वतःच्या पदरात बांधून घेत होती, रोज संध्याकाळी, माझ्या तोंडून ऐकून. वर लिहिलेली स्वप्नाची, गवंड्याची आणि रडण्याची विनंती रद्द समजावी. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. निदान मला फोनवर जमणार नाही.

ता. क. चौथा. शनिवार. पेन्सिलीने लिहितोय, अक्षराला हसू नये, तुमच्या जिन्यावर बसलो आहे. पहाटे साडेपाचच्या पहिल्या बसने निघालो. आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता, हिच्या बागेतली फुलं तोडली. पाच फांद्या, सगळ्यांत चांगल्या. (बागेतलं फूल तोडणाऱ्याला हिच्या राज्यात काय शिक्षा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमची भाची एकदा भोगून बसली आहे.) अर्धी बादली पाणी, त्यात फांद्या आणि बादली माझ्या दोन पायांत, सहा तास. मिशीवाल्याने डेपोत शब्द टाकून मला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळवून दिली. प्रत्येक खड्ड्याला थोडं पाणी सांडलं आणि थोड्या पाकळ्या. एका मावशींनी मला त्यांच्या बाटलीतलं पाणी बादलीत ओतून दिलं. घरी दातांचे डॉक्टर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले आहेत, माळी चारच्या आधी आला तर त्याला तोंड उघडायला लावून दात तपासत बसणार आहेत. आता साडेअकरा झाले आहेत.

माझी खरी विनंती आता लिहितो, जी गुरुवारीच लिहायला हवी होती. हे पत्र मी तुमच्या दाराखालून सरकवतोय. ते तुम्ही स्वयंपाकघरात नेऊन वाचावं, हिला पाठीशी दोन उशा देऊन नीट बसवावं, ही उठणार नाही अशा बेताने हिच्याजवळ उभं राहावं आणि मग दार उघडावं. मला हिला उठू न देता सांगायचं आहे. एवढंच.

ता. क. पाचवा. पत्र सरकवणार तेवढ्यात तुमच्या शेजारच्या बाई भाजी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, अक्का शनिवारी वाचनालयात जातात, एक वाजल्याशिवाय येत नाहीत. म्हणजे आत ही एकटी आहे. हे ऐकून मी वळलो आणि बादली त्या हलणाऱ्या गजावर आदळली. आतून ‘कोण आहे?’ असं आलं. मुख्याध्यापिकेच्या आवाजात. आता वॉकरचा आवाज येतोय, टक् आणि मग पाऊल. दाराकडेच येतोय. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणून लिहितोय.

अगं, पत्र आता तुझ्याच हातात पडणार. पहिल्यापासून वाचू नकोस, मधलं कात्रीबद्दलचं पान तर मुळीच नको, ते तू बसल्यावर मी तोंडाने सांगेन. आधी एवढंच वाच. तो फुललाय. भिंत भरून फुललाय, आणि मी रोज तुझ्याशी खोटं बोललो. तुझ्या हाताला लागलाय तो, दुसऱ्या कोणाच्या नाही. बघायला पाच फांद्या आणल्या आहेत, त्यांपैकी साडेतीन शाबूत आहेत. माळ्याला चारच्या आत फोन कर आणि मग मला काय बोलायचं ते बोल. पण आत्ता घाई करू नकोस. मी कुठे जात नाही. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग दुसरा. सावकाश ये.